तीन बाटल्या, नाव एकीवरही नाही

बीपीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी, तिन्ही झेपेल तेवढ्या पूर्ण मात्रेत, आणि तरीही वरचा आकडा १४० च्या खाली यायचं नाव घेत नाही, अशा बीपीला डॉक्टर 'रेझिस्टंट' म्हणतात. माझं बीपी त्यातलं. चौथी गोळी कुठली द्यावी यावर एक क्लिनिकल ट्रायल सुरू होतेय, नाव द्यायचं का, असं माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. कारण सरळसरळ स्वार्थाचं होतं. मोठे डॉक्टर जातीने लक्ष घालतील, भरपूर तपासण्या होतील आणि हे बीपी एकदाचं आटोक्यात येईल, असं वाटलं.

हा समज पहिल्याच भेटीत मोडीत निघाला, आणि तो मोडायचं काम ट्रायलच्या डॉक्टरांनीच केलं. संमतीपत्राचा जाडजूड गठ्ठा पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "ही ट्रायल तुम्हाला बरं करण्यासाठी नाहीये. तुमच्यासारख्या बीपीला काय लागू पडतं हे शोधण्यासाठी आहे. तुम्हाला फायदा होईलही, कदाचित होणार नाही." त्या दिवशी सही घेतली नाही. कागद घरी न्या, वाचा, घरच्यांना दाखवा, प्रश्न लिहून आणा. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत काही फरक पडणार नाही, हे वाक्य त्या गठ्ठ्यात इतक्या वेळा होतं की मला आधी ते उगाच भर घातल्यासारखं वाटलं.

तसं ते नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कुणाच्या मर्जीवर न सोडता, रुग्णांचे दोन गट पाडण्याची पद्धत रुळली ती तिथून. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ गेले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. एक्स-रे वाचणाऱ्यांना कुठला फोटो कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. सगळं चोख. फक्त ज्यांना औषध मिळालं नाही त्यांना आपण कसल्या अभ्यासात आहोत हेच सांगितलेलं नव्हतं. माणसांवरच्या संशोधनाचे नीतिनियम सांगणारा, त्यात संमतीचीही बाब असलेला हेलसिंकीचा जाहीरनामा आला तो १९६४ मध्ये. माझ्या हातातला गठ्ठा जाड का, याचं उत्तर या इतिहासात आहे.

ट्रायलची रचना अशी: माझ्या तीन गोळ्या आहेत तशाच चालू राहणार. त्यावर चौथी, तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला वेगळी बाटली. एका बाटलीत स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं, माहितीतलं औषध. २०१५ च्या पाथवे-२ या ट्रायलमध्ये रेझिस्टंट बीपीवर तेच सगळ्यात चांगलं ठरलं होतं. दुसरीत नवं औषध. तिसरीत प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब पण आत औषध नसलेली गोळी. कुठली बाटली कधी, हे संगणक ठरवणार. मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, सिस्टरना माहीत नाही. याला 'डबल ब्लाइंड' म्हणतात.

"बीपी वाढलेलं असताना खोटी गोळी कशासाठी?" हा माझ्या यादीतला पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांवरच्या औषधांची गोष्ट सांगितली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात, ते धोक्याचे मानले जात. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके झकास दाबायची, म्हणून डॉक्टर विश्वासाने देत होते. प्लासिबोशी तुलना केली तेव्हा १९८९ मध्ये निकाल आला: औषध घेणारेच जास्त दगावत होते. ठोके कमी, मृत्यू जास्त. समोर प्लासिबोचा गट नसता तर हे मृत्यू आजाराच्याच खात्यावर जमा झाले असते, कारण हार्ट अटॅकनंतर माणसं तशीही जातात. डॉक्टर म्हणाल्या, "त्या औषधावर विश्वास असणारे सगळे चांगले डॉक्टर होते." या वाक्याने माझी सही झाली म्हटलं तरी चालेल.

पुढे जे जे पाहिलं ते मी या एका वाक्याच्या उजेडात पाहिलं. ट्रायलमध्ये वाईट हेतूचा माणूस मला एकही भेटला नाही. पण तिथला निम्मा खटाटोप चांगल्या हेतूच्या माणसांपासून आकडा वाचवण्यासाठी चाललेला असतो. रुग्णाला बरं वाटावंसं वाटतं, सिस्टरना रुग्णाला खूश करावंसं वाटतं, डॉक्टरांना औषध चालावंसं वाटतं, आणि सगळ्यांचा कल एकाच बाजूला.

बीपी मोजण्याचंच घ्या. इतकी वर्षं माझं बीपी घाईघाईत, बोलता बोलता, बाहीवरूनच मोजलं गेलं होतं. इथे आधी दंडाचा घेर टेपने मोजला आणि त्या मापाचा पट्टा माझ्या नावावर नोंदवला. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त येतं. लघवीला जाऊन या. पाठ टेकवा, पाय जमिनीला, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मग सिस्टर मशीनचं बटण दाबून चक्क खोलीबाहेर जायच्या. पाच मिनिटं शांतता, मग मिनिटभराच्या अंतराने मशीन आपोआप तीनदा फुगायचं आणि सरासरी काढायचं. एकदा मी सिस्टरना म्हटलं, थांबा की, गप्पा मारू. त्या म्हणाल्या, "गप्पांनीच वाढतं. शिवाय मी हाताने मोजलं असतं तर तुमचं १४३ मी १४० लिहिलं असतं. कोणीही लिहितं." शेवटी शून्य लावायची ही खोड जगभरच्या नोंदींत सापडते म्हणे. ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही हे १४० वर ठरत असेल तर ही तीन अंकांची माया माणसाला आत घेते किंवा बाहेर ठेवते.

याच मोजणीवरून मोठे वादही झाले आहेत. २०१५ ची स्प्रिंट ट्रायल, ९,३६१ माणसं, वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली नेलं तर हृदयाचे गंभीर त्रास आणि मृत्यू कमी होतात असा निकाल, तोही इतका स्पष्ट की ट्रायल मुदतीआधी थांबवली. पण तिथलं बीपी अशा निवांत पद्धतीने मशीनने मोजलेलं होतं, आणि असं मोजलेलं बीपी गर्दीच्या ओपीडीतल्या बीपीपेक्षा बहुधा कमीच भरतं. तेव्हा तो १२० आणि ओपीडीतला १२० एकच धरायचा का, यावर डॉक्टर मंडळी पुष्कळ भांडली. मला हे वाचून बरं वाटलं. आकडा कसा आला हे न विचारता आकड्यावर भांडणारेच जास्त भेटतात.

निवडीच्या आधी २४ तासांचं मशीन कमरेला लावलं. दिवसा ठरावीक वेळाने आणि रात्रीही पट्टा दंडाला आवळतो. झोप मोडते, आणि मोडली की मशीनवर राग येऊन बीपी आणखी वाढत असेल असं मला तरी वाटलं. दवाखान्यात पाय ठेवला की ज्यांचं वाढतं आणि घरी नॉर्मल असतं, अशांना वगळायला हे लागतं. २४ तासांची सरासरी १३०/८० च्या वर असेल तर ते खरंखुरं वाढलेलं. माझं निघालं. त्यानंतर २४ तासांची लघवी गोळा करायची होती, शरीरात मीठ किती जातंय हे बघायला. खाल्लेल्या मिठातलं जवळपास नव्वद टक्के सोडियम लघवीवाटे बाहेर पडतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतचा थेंबन् थेंब कॅनमध्ये. मधली एखादी चुकवून कॅन दिला तर कळतं, कारण त्यात क्रिएटिनिन हे स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्यही मोजतात आणि ते दिवसाला साधारण ठरलेलं असतं. आणि हो, पाळी जाऊन किती वर्षं झाली हे तारखेनिशी लिहून घेतलं. वर्ष झालं नसतं तर दर भेटीला गर्भाची चाचणी. या वयात!

गोळ्यांचाही असाच पहारा. बाटली परत न्यायची, उरलेल्या गोळ्या सिस्टर ट्रेवर सुरीसारख्या पट्टीने पाच-पाच करून मोजणार. शिवाय कधीतरी न सांगता लघवीतून गोळ्यांचे अंश तपासणार, हे संमतीपत्रातच होतं. अपमान वाटला थोडा. डॉक्टरांनी समजावलं की रेझिस्टंट म्हणून पाठवलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या लघवीत गोळ्यांचा मागमूसच नसतो. बीपी रेझिस्टंट नसतं, गोळ्या डब्यात असतात. आणि ही माणसं खोटारडी नसतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून भेटीआधी उरलेल्या गोळ्या टाकून रिकामी बाटली आणणारेही त्यात असतात. गोळ्या उरल्या म्हणून सिस्टर कुणावर रागावलेल्या मी पाहिल्या नाहीत, आणि सगळ्या संपल्या म्हणून त्यांनी शाबासकीही दिली नाही. नुसतं लिहायच्या. लिहिताना चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही आणि तारीख. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही.

रक्त द्यायच्या दिवशी मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, कारण तिथल्या टेक्निशियन बाईंना शिकवायची हौस होती. मी हात पुढे केला आणि सवयीने मूठ उघडझाप करू लागले. नस फुगावी, त्यांचं काम सोपं व्हावं म्हणून. त्यांनी माझी मूठ हाताने थांबवली. "मदत नको. मूठ चालवली की स्नायूतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टात वाढलेलं दिसतं." स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ते इथे दर भेटीला बघायचं, आणि तेच माझ्या मदतीने बिघडलं असतं. दंडाचा रबर फार वेळ बांधून ठेवायचा नाही, त्याचंही कारण असंच. आधी साध्या रक्ताची नळी भरायची, जांभळ्या टोपणाची नंतर. जांभळीत गोठू न देणारं इडीटीए असतं, तेही पोटॅशियमचाच क्षार, आणि त्याचा अंश सुईवाटे पुढच्या नळीत गेला तर पुन्हा तोच घोळ.

मग रेनिन. मूत्रपिंडातून येणारं हे द्रव्य बीपीच्या साखळीतली पहिली कडी. त्याच्या नमुन्यासाठी सकाळी उठून निदान दोन तास वावरलेलं असावं लागतं आणि मग थोडा वेळ बसून रक्त द्यायचं. आडवं, बसलेलं, उभं, प्रत्येक स्थितीत रेनिन वेगळं. मला वाटलं, इतकं नाजूक काही असेल तर नळी बर्फात ठेवत असतील. त्या म्हणाल्या, नवीन पोरं नेमकं तेच करतात, जपायच्या नादात. रक्तात प्रोरेनिनही असतं, म्हणजे रेनिनचं निष्क्रिय रूप, तेही बरंच जास्त, आणि गारठ्यात त्यातलं काही आपोआप सक्रिय होतं. म्हणजे जपून बर्फात ठेवलेल्या नळीत रेनिन खोटं वाढतं. ती खोलीच्याच तापमानाला यंत्रात फिरवायची, रक्तातला वरचा द्रव लगेच वेगळा करायचा आणि झटकन गोठवायचा. मधल्या गार अवस्थेत रेंगाळू द्यायचा नाही.

त्यांनी मला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं ते यंत्र, दाखवलं. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या, नाहीतर यंत्र थरथरतं. बाहेर आली तेव्हा नळीत खाली गडद लाल थर, वर फिकट पिवळा प्लाझ्मा. पिपेटचं टोक लाल थराच्या जरा वरच थांबवून त्यांनी तो उचलला आणि बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत थोडा थोडा वाटला. एकाच मोठ्या कुपीत का नाही? कारण एकदा वितळवून पुन्हा गोठवलं की काही द्रव्यं बिघडतात. प्रत्येक तपासणीला वेगळी कुपी काढता यावी. कुप्यांवर नाव नाही, फक्त बारकोड. उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं दार उघडलं तेव्हा थंडी पायावर सांडली. कुप्या तिथे महिनोन्महिने राहणार, कारण माझ्या तिन्ही टप्प्यांतले नमुने एकाच दिवशी, एकाच घाण्यात तपासले जातात. आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरा तपासला तर रसायनाची बाटली बदललेली असते, आणि तो फरक औषधाचा म्हणून मिरवतो.

वेटिंगमध्ये एक गृहस्थ भेटायचे. दुसऱ्या बाटलीपासून त्यांची छाती हुळहुळी झाली होती. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांना हा त्रास होऊ शकतो, आणि ते संमतीपत्रात लिहिलेलं होतंच. "म्हणजे माझी ही खरी गोळी! तुमची कुठली?" सिस्टरनी त्यांना अक्षरशः आत बोलावून घेतलं आणि पुढच्या भेटींच्या वेळा आमच्या कधी एकत्र आल्या नाहीत. डबल ब्लाइंडची ही कच्ची बाजू आहे, माझ्या मते फारशी कुणी न बोललेली. गोळ्या कितीही सारख्या दिसू द्यात, शरीर चुगली करतं. म्हणून बीपी घेणाऱ्या सिस्टरना आम्ही त्रासांबद्दल काही सांगायचं नाही. ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाला.

तिथे मात्र सगळं सांगायचं. माझी दाढ दुखली, तीही 'ॲडव्हर्स इव्हेंट' म्हणून चढली: कधी सुरू, किती तीव्र, काय घेतलं, औषधाशी संबंध वाटतो का. दाढेचा आणि बीपीच्या गोळीचा काय संबंध, असं मी म्हटलं. उत्तर मिळालं की ते आपण नाही ठरवायचं. अशा शंभर दाढा एकाच बाटलीत निघाल्या तर बघू. कुणी कशासाठीही रुग्णालयात दाखल झालं, पडून हात मोडला तरी, ते २४ तासांत वर कळवायचं असतं.

दुसऱ्या टप्प्यात एका संध्याकाळी फोन आला. पोटॅशियम ५.८. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. फार वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते, हे संमतीपत्रात ठळक अक्षरांत होतं, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर शांत होत्या. आजची गोळी घेऊ नका, छातीत धडधड, पायात अशक्तपणा वाटला तर थांबू नका, या नंबरवर फोन करून लगेच इमर्जन्सीत जा, नाहीतर उद्या सकाळी या. रिपोर्टवर 'हिमोलिसिस' असा शेरा होता, म्हणजे नळीत लाल पेशी फुटलेल्या. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं. "मी कुठली गोळी घेतेय ते उघडून बघा ना सरळ," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं की उघडता येतं, दिवसरात्र कधीही. पण उघडल्याने आत्ताचा उपचार बदलणार असेल तरच. "गोळी कुठलीही असली तरी आज रात्री मी तुम्हाला हेच सांगितलं असतं." सकाळी ईसीजी, मूठ न वळता पुन्हा रक्त. ४.६. गोळी पुन्हा सुरू. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढे विचार केला तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, फक्त इतक्या शांतपणे जमलं नसतं.

टप्पा बदलला की सुरुवातीच्या आठवड्यांचं बीपी हिशेबात धरायचं नसतं, आधीच्या गोळीचा अंमल उरलेला असतो म्हणून. घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ मी मोजायची ते मशीनच साठवून ठेवायचं. मी लिहून आणलेल्या वहीला तिथे फारसा भाव नव्हता.

शेवटच्या भेटीत मला आनंदाऐवजी चिडचिड झाली. बाटली काढून घेतली, आणि आता काय, या प्रश्नाला उत्तर होतं एक पत्र, माझ्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावे. ज्या टप्प्यात माझं बीपी सगळ्यात खाली होतं त्यातली गोळी कुठली हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांचे टप्पे संपून माहितीला कुलूप लागल्यावरच, म्हणजे तिच्यात आता बदल नाही असं ठरल्यावरच, कुठली बाटली कशाची ही यादी उघडणार. मधले महिने रुग्णाने काय करायचं, यावर त्या जाडजूड संमतीपत्रात एक परिच्छेद आहे आणि तो सगळ्यात आखूड आहे. सही करण्याआधी तो मी वाचला होता, पण त्याबद्दल प्रश्न विचारायचा कुणालाच सुचत नाही. ट्रायलमध्ये जाणाऱ्याने आधी तोच विचारावा.

माझ्या डॉक्टरांनी पत्र वाचून स्पायरोनोलॅक्टोन कमी मात्रेत सुरू केलं. यादी उघडेपर्यंत वाट बघायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. आठवड्याने पोटॅशियम, मग महिन्याने. यादीचं पत्र खूप नंतर आलं. पहिली बाटली प्लासिबोची होती. त्या टप्प्यात माझं वरचं बीपी चांगलं आठेक अंकांनी उतरलेलं मशीनमध्ये दिसतंय. ट्रायलमध्ये माणसाला घेतात तेच बीपी चढलेलं असताना, त्यामुळे पुढे ते थोडं आपसूक खाली येतंच, शिवाय सगळे लक्ष देतायत म्हटल्यावर माणूस बाकीच्या गोळ्याही वेळेवर घेतो, असं डॉक्टर म्हणाले. स्पायरोनोलॅक्टोनच्या टप्प्यात त्याहून बरंच खाली होतं, नव्या औषधाच्या टप्प्यात या दोघांच्या मध्ये. एका बाईच्या तीन टप्प्यांवरून नव्या औषधाचं काही ठरत नाही; माझ्या गोळीचं तेवढं ठरलं, आहे तीच चालू.

सगळ्यांचा मिळून निकाल काय लागला तो कळवा, या रकान्यात मी सही करतानाच हो लिहिलं होतं. तो अजून यायचाय. ट्रायल सुरू होण्याआधीच तिची सार्वजनिक नोंदणी झालेली असते आणि नोंदणी क्रमांक संमतीपत्राच्या पहिल्या पानावर असतो, तेव्हा निकाल मनासारखा लागला नाही म्हणून अख्खी ट्रायल गायब करणं तितकंसं सोपं नाही. मी तो क्रमांक टाकून अधूनमधून बघते. आणखी काही महिने गेले तर फोन करून विचारणार आहे.